बोरमधला जाळ

"आबा, तुमच्या नारळाला गॅस कळतो का?"

मी विचारलं आणि हळदीच्या ढिगाभोवती चाललेले सगळे हात थांबले. पैज ऐश्वर्याची होती. काल शनिवारी शाळेतून येताना एसटीत ती सगळ्या पोरींसमोर म्हणाली, "वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आली ना तू? मग आजोबाला एवढं विचारून दाखव. घरचे सगळे बसलेले असताना." पैज लागली की माझे कानच गरम होतात. वर्षभरापूर्वी मी हजेरीला ओसुद्धा हळूच द्यायचे. आता माझ्या हातून माईक काढून घ्यायला दोन माणसं लागतात, असं आमचे मुख्याध्यापक म्हणतात.

"काय इचारून राहिली ही?" आशाबाई आत्याने हातातलं सडकं हळकुंड बाजूला फेकलं. "वैशे, आजोबा हायेत ते. तुझ्या वर्गातलं पोरगं न्हाई."

"इचारू दे," आबा म्हणाले. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. भिवाजी पाणाड्या, जमिनीखालचं पाणी हुडकून देणारे, म्हणजे आमचे आबा. उताणा पंजा धरून त्यावर नारळ आडवा ठेवायचा, शेतातून अनवाणी चालायचं आणि नारळ उभा राहिला की टाच रोवायची: "हितं घ्या." शिरड शहापूरपासून कनेरगाव नाक्यापर्यंत आबांच्या टाचेवर बोर घेतलेली माणसं आहेत. पाणाड्याचा एक कायदाही आबांनी पाळला होता. पाणी लागलं की त्या शेतात नारळ फोडायला जायचं, आणि नाही लागलं तर कोरड्या भोकावर स्वतःच्या हाताने दगड ठेवून यायचं, म्हणजे कोणाचं लेकरू त्यात पडणार नाही.

आबांनी ढिगातलं एक हळकुंड उचलून मोडलं. तेवढ्यात मोठे काका बोलले.

"नारळ कशाला पायजे? गॅसच्या सर्व्हेवाल्यायनं सरळ लिहून दिलंय." सोमेश्वर काकांनी खिशातून चार घड्यांचा गुळगुळीत कागद काढला. त्यावर हिरवंगार शेत आणि हसणारं जोडपं छापलेलं होतं, इतकं गोरं की आमच्याकडचं नक्कीच नव्हतं. "'सर्वेक्षण संपूर्णतः सुरक्षित असून भूजलावर कोणताही विपरीत परिणाम होत नाही.' वाच बालाजी. तू शिकलेला हायेस ना?"

"वाचला," पप्पा म्हणाले. "तुमची जीप त्यायच्याकडं भाड्यानं लागायच्या आधी तुमी वाचला असता तर बरं झालं असतं."

"माझी जीप मधी आणायची न्हाई!"

"मग माझी बोर काहून मधी आली?"

त्या दिवशी दोन वाजता ग्रामसभा होती. संक्रांतीनंतर आमच्या शिवारात सर्व्हेवाले आले होते. जमिनीत खोल गॅस आहे का ते बघायचं होतं त्यांना. बांधाबांधाने वायरी पसरल्या, ठराविक अंतरावर भोकं पाडली, त्यात बार उडवले. धप्प, धप्प, आणि प्रत्येक धप्पला गावातल्या शाळेच्या खिडक्या थरथरायच्या. गॅस सापडला तर पुढे याहून खोल जाऊन, पाणी, वाळू आणि औषधं दाबून खालचा खडक फोडतात, असं गावात बोलणं होतं. कोणी म्हणायचं त्याने विहिरी आटतात, कोणी म्हणायचं पोरांना नोकऱ्या लागतात. दोन्ही बाजूंच्या लोकांना ते मोबाईलवरच कळलेलं होतं. आता पुढच्या कामाला गावाची संमती द्यायची की नाही, हे सभेत ठरणार होतं. आणि आमच्या घरातून दोन भाऊ दोन बाजूंनी उभे राहणार म्हणून सासरहून, कनेरगाव नाक्याहून, आत्याला बोलावलं होतं. आत्या सांगेल तिकडे आमची अर्धी भावकी जाते.

आत्या आली ती भांडण मिटवायला, पण बसली हळद निवडायला. कारण ढीगच तसा होता. काढून अकरा दिवस झालेली हळद. शिजवून वाळत पडायला हवी होती. ताडपत्रीखाली ऊब लागून ती आतून कुजत चालली होती. वरून पिवळीधमक दिसायची आणि मोडलं की आत तपकिरी पाणी. तो वास मला आजही आठवतो. ओल्या मातीत कोणी फळं पुरून विसरावं तसा.

"रामसिंगला पुन्हा फोन लावला का?" आईने विचारलं. रामसिंग म्हणजे हळद शिजवायचा कुकर घेऊन गावोगाव फिरणारा.

"लावला," पप्पा म्हणाले. "म्हणतो, तुमच्या बोरच्या पाण्याजवळ मी भट्टी पेटवत न्हाई. माझी बी लेकरं हायेत. बाकीच्या दोघा कुकरवाल्यायनं तर फोनच उचलला न्हाई."

"बराबरच हाय की त्याचं," आत्या म्हणाली आणि पदराला हात पुसून मोबाईल काढला. "हे बघून कोणाची छाती व्हईल?"

तिने व्हिडिओ लावला. मी मान खाली घातली.

आधी आमची बोर दिसते. पाईप खोकल्यासारखा करतो, फस्स करून थांबतो, मग दुधासारखं पांढरं पाणी उसळतं. ते खरं होतं. बार उडवल्यावर दुसऱ्याच दिवसापासून बोर तशी खोकायला लागली होती. मग चित्र बदलतं आणि नळाच्या पाण्यावर निळा-पिवळा जाळ भडकतो. आणि एक बाई बोलते, ठाम, स्वच्छ आवाजात: "शेतकरी बांधवांनो, आज आपल्या बोअरवेलमधून पाणी नव्हे, तर मृत्यू वाहतो आहे. या वायूच्या हव्यासाचे उत्तरदायित्व कोण घेणार?"

"कसं शुद्ध बोलती बाई," आत्या म्हणाली. "टीव्हीवरची असंल. अशी माणसं खोटं कशाला बोलतील?"

ती बाई मी होते.

नऊ दिवसांपूर्वी मी ते केलं. पप्पा चावडीवर बोर खोकते म्हणून सांगून आले आणि लोक हसले. "हवा अडकली असंल, बालाजी, ओवा दे तिला." पप्पा घरी येऊन जेवले नाहीत. मला इतका राग आला की मी मोबाईल घेऊन सरळ बोरवर गेले आणि पाईप चित्रित केला. पण नुसतं पांढरं पाणी कोण बघणार? मग जाळाचा तुकडा शोधला. कुठल्या देशातला, कोणाच्या स्वयंपाकघरातला, काही माहीत नाही. नळ आमच्यासारखा दिसेल एवढाच कापला. आणि वर माझा स्पर्धेचा आवाज चढवला. घरात मी 'काहून' म्हणते, 'न्हाई' म्हणते. त्या आवाजात मी 'उत्तरदायित्व' म्हणते. घरच्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता, कारण बक्षीस समारंभाला हळदीमुळे कोणी येऊ शकलं नव्हतं. फक्त ऐश्वर्याने ओळखला. तिने तो पाहून एवढंच म्हटलं, "भारी झालाय." मग थोडं थांबून, "पण तो नळ कोणाचा गं?"

दोन दिवसांत तो वसमतच्या बाजारापर्यंत गेला. पप्पांना लोक रस्त्यात थांबवून विचारायला लागले. तो किती जणांनी बघितला ते मी रोज मोजत होते. आणि तिसऱ्या दिवशी रामसिंगने आणतो म्हणून सांगितलेला कुकर आणला नाही.

हे मी कोणाला सांगू? सांगितलं तर सभेत पप्पा खोटे पडणार, आणि काकांचा कागद जिंकणार. नाही सांगितलं तर ढीग कुजणार. गेले सहा दिवस मी रोज सकाळी ढिगात हात घालून बघायचे, किती गरम झालाय.

"व्हिडिओ कोणी केला त्याचा पत्ता न्हाई," काका म्हणाले. "माझ्या कागदावर शिक्का तरी हाय."

"शिक्का!" पप्पा उसळले. "सर्व्हेच्या साहेबाला एकदा इचारा ना, बोर खराब झाली तर कोण भरून देणार म्हणून."

काकांनी कागदाची घडी घातली. मग त्या घडीची पुन्हा घडी घातली. त्यांनी ते आधीच विचारलं होतं, हे मला पुष्कळ दिवसांनी त्यांच्याच तोंडून कळलं. जीपमध्ये शेजारी बसलेल्या साहेबाला त्यांनी म्हटलं होतं, साहेब, पाणी बिघडलं तर? साहेब म्हणाले, तसं होत नाही. काका म्हणाले, पण झालंच तर? साहेबांनी गाडी ढाब्यावर थांबवायला सांगितली आणि चहा पाजला. तेवढंच उत्तर. काकांनी तो चहा अर्धा टाकला. पण घरी येऊन धाकट्या भावापुढे ते कबूल करायचं म्हणजे दोघांच्या जुन्या बांधाच्या भांडणापासूनचं सगळंच हरल्यासारखं होतं. म्हणून ते कागद वाचत राहिले.

"आशा, तू सांग," काका म्हणाले. "तू म्हणशील तसं."

"मी काय सांगणार? मी आडाणी." पण आत्याला आवडलं. ती सावरून बसली. "मला इचारशील तर आबा सांगतील ते खरं. कागद लिव्हणारा कोण ते ठावं न्हाई, मोबाईलमधली बाई कोण ते ठावं न्हाई. आबाला तर ठावं हाय आपण सगळे. आबाचा नारळ कधी चुकला न्हाई."

"तुझ्याकडं चुकला की," काका म्हणाले. "नाक्यावरची बोर."

"चुकला न्हाई!" आत्याचा आवाज चढला. "तिथं यांनी घाई केली. तीनशे फुटांवर मशीन थांबवली. पन्नास फूट अजून गेले असते तर पाणी व्हतं. आबा तवाच म्हणले व्हते. आन् खरंच कोरडी असती तर आबा दगड ठेवायला आले नसते का? आबा आले न्हाईत, म्हंजे खाली पाणी व्हतं."

हे आम्ही सगळ्यांनी शंभर वेळा ऐकलं होतं. सोनाजी मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, तर अठरा वर्षं ऐकलं. जेवताना, पेरताना, पाहुण्यांसमोर. "पन्नास फूट." मामा हसायचे आणि तंबाखू मळायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. शेवटच्या दुखण्यात एकदा त्यांना तहान लागली, तेव्हा पाणी देतानाही आत्याने ते म्हटलं होतं. हे तिनेच आईला सांगितलं होतं, रडत.

आबा तेव्हा उठायला लागले. उठता येईना म्हणून ढिगावर हात टेकला आणि हळकुंडं घसरली.

"वैष्णवी," ते म्हणाले. मला ते असं पूर्ण नावाने कधी हाक मारत नाहीत. "तू इचारलं ना? न्हाई कळत. नारळाला गॅस न्हाई कळत. कधी कधी पाणी बी न्हाई कळत."

"आबा, काहून असं बोलता?" आत्या म्हणाली.

"नाक्यावर त्या दिशी नारळ हाललाच न्हाई."

आत्या हसली. खरंच हसली, ऐकलेलं पोचायच्या आधी हसतो तशी.

"सगळा शिवार फिरलो. एकदा न्हाई, तीनदा. नारळ आपला मेल्यावानी पडून. आन् तुझ्या सासरची पन्नास माणसं बांधावर उभी. लेकीच्या दारात येऊन रिकाम्या हातानं कसं जायाचं?" आबांनी पंजा उताणा धरून दाखवला. "मी मनगट हलवलं. येवढंच. आन् टाच रोवली."

हळदीच्या ढिगातून वाफ येत होती. बोर मधूनच खोकली.

"मंग पन्नास फूट?" आत्याने विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"तोंडाला आलं ते बोललो. जावई गरीब स्वभावाचे व्हते. उलटून बोलले न्हाईत."

"दगड..."

"दगड ठेवायला आलो असतो तर कोरडी हाय म्हणून कबूल करावं लागलं असतं. म्हणून न्हाई आलो."

आत्याने मांडीवरचं सडकं हळकुंड उचलून बाजूला ठेवलं. मला वाटलं ती ओरडेल. मला वाटलं ती छाती पिटून घेईल, कारण आत्या सगळं मोठ्यानेच करते. ती काहीच मोठ्याने बोलली नाही.

"त्यांनी ठेवला दगड," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिशी. एकट्यानं ढकलत आणला. मी वट्ट्यावरून बघितलं आन् म्हणलं, पाणी झाकून ठेवून राहिले, लाज न्हाई वाटत?" ती उठली. "अठरा वर्सं, आबा. त्यांना ठावं असंल. त्यांना नक्की ठावं व्हतं. तरी त्यांनी तुमचं नाव न्हाई घेतलं."

ती चपला न घालताच वाटेकडे निघाली. काका मागे धावले, "आशा, जीपनं सोडतो, आशा!" आणि ती मागे न बघता म्हणाली, "मला तुमचं कोणाचंच काही नको." काकांचा कागद ढिगावर पडला. कोणी उचलला नाही.

आबा तसेच उभे होते. आईने त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरला आणि प्यायले नाहीत.

माझ्या डोक्यात एकच आकडा फिरत होता. अठरा वर्षं. माझे तर नऊच दिवस झाले होते.

एक वाजता पप्पा बोरच्या हौदावर हातपाय धूत होते. सभेसाठी काढलेला पांढरा सदरा आईच्या मांडीवर होता. ती सुई दातात धरून बटणासाठी दोरा तोडत होती. मी जाऊन उभी राहिले. वक्तृत्वात शिकवतात, आधी श्वास घ्या, समोरच्या भिंतीवर एक बिंदू धरा. मला काही धरता आलं नाही.

"पप्पा, ती बाई मी हाय."

"कोणती बाई?"

"व्हिडिओतली. बोर आपली हाय, जाळ आपला न्हाई. मोबाईलवरून घेतला. बोलले ते मीच."

आईच्या दातांतली सुई खाली पडली. ती शोधायलाही वाकली नाही. "हळद," एवढंच म्हणाली. "अगं लेकरा, हळद गेली ना."

मला वाटलं पप्पा मारतील. त्यांनी आयुष्यात मारलं नाही, पण वाटलं. ते हौदाच्या कडेवर बसले. ओल्या पायांखाली चिखल झाला होता, त्यात बघत बसले.

"मला ठावं व्हतं पेटत न्हाई ते," ते म्हणाले.

आता आई त्यांच्याकडे वळली.

"व्हिडिओ आला त्याच्या दुसऱ्या दिशी पहाटं येऊन काड्या लावल्या. सगळी पेटी संपली. एका काडीनं पाणी पेट घेईल तर शपथ." त्यांनी चिखलातली एक जळकी काडी पायाने दाबली. ती अजून तिथे होती. "वाटलं, कधीमधी गॅस येत असंल. वाटलं, पेटत नसंल तरी बोर तर बिघडली हाय ना. कोणीतरी ऐकून तर राहिलं. पहिल्यांदा ऐकून राहिलं."

त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला. मी व्हिडिओ करताना माझ्या मनात हाच होता.

"आता असं कर," पप्पा हळूच म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "आजची सभा होऊ दे. ठराव होऊ दे. उद्या सकाळी आपण दोघं रामसिंगकडं जाऊ, त्याला एकट्याला सांगू. अर्धी हळद तरी हाती लागंल. एक रात्रीचा तर सवाल हाय."

आई माझ्याकडे बघत होती, आणि मला कळेना की तिला मी हो म्हणायला हवं आहे की नाही.

एक रात्र. किती सोपं होतं. बोर खरंच खोकत होती. पप्पा खरंच बरोबर होते, निदान पांढऱ्या पाण्यापुरते. कोणी तपासून सांगितलं नव्हतं ते का होतं, काकांच्या कागदानेही नाही. मी गप्प बसले असते तर उद्या सगळं जागेवर आलं असतं, आणि नंतर कधीतरी, माझी लेकरं मोठी झाल्यावर, हळदीच्या ढिगाशी कोणीतरी म्हणालं असतं, बोर पेटली होती, मी सांगते ना.

लांब आंब्याखाली आबा एका सपाट दगडाला हात लावून बघत होते, उचलतो का ते. उचलत नव्हता. तरी ते पुन्हा पुन्हा वाकत होते.

"न्हाई पप्पा," मी म्हणाले. माझा आवाज फाटला, स्पर्धेत फाटला असता तर गुण गेले असते. "दोन वाजता सभेत मी उभी राहणार हाय. आधी सांगीन जाळ खोटा, मी केला, रामसिंगकाकाच्या मनात भ्या मी घातलं. मंग सांगीन बोर खोकते ते खरं, ते कोणालाच ठावं न्हाई काहून, आन् ते तपासल्याबिगर कशावरच अंगठा देऊ नका. लोक हसतील. तुमाला बी हसतील. तुमी नका येऊ वाटलं तर. पण मी स्टेजवरच्यावानी न्हाई बोलणार. घरच्यावानी बोलणार, म्हंजे ऐकल्या ऐकल्या सगळ्यांना कळंल, ही बालाजीची वैशी हाय."